घट धरून

उद्यमबागेत दुपारी तीनला भट्टी उतरते,
पंखा तापलेलीच हवा ढवळत राहतो.
मी बसलेय तीन साधनं समोर मांडून.
फाउंड्रीची प्याटर्नांची नोंद वेबवर न्यायची आहे.
ओमाण्णा कंग्राळकरांनी दोन हजार चार साली
एका कॉम्प्युटरवर, एका बोटानं
टाइप केलेला डेटाबेस.

तो कॉम्प्युटर स्टोअरच्या कोपऱ्यात असतो, शेजारी उदबत्तीचं घर.
बंद केला तर परत उठेल याची खात्री नाही,
लाईट गेली की सगळे आधी त्याच्या बॅटरीकडे धावतात.

हुबळीहून मेणसिनकाईंचा फोन येतो,
"आमचं पंपाचं प्याटर्न तुमच्याकडंच आहे का? नोडी हेळ्री."
मग कुणीतरी उठतं, स्टोअरपर्यंत जातं,
येताना विसरून येतं.
शेठ म्हणाले, त्यांचं त्यांना दिसू दे.
आणि स्वस्तात बघ.

पहिलं साधन पुण्याचं, देखणं,
माणशी मोजून महिन्याचं भाडं.
दुसरं फुकट. पण चूलही आपलीच, लाकडंही आपलीच,
आणि धूर झाला तर विचारायला कुणी नाही.
तिसरं शेठच्या भाच्याचं मत:
"शीटमध्ये ओत की, लिंक पाठव."

किंमत, वेग, सुरक्षा असा तक्ता केला होता मी.
सगळीकडे बरोबरच्या खुणा. काही कळेना.

मग एकच नोंद उचलली, अकराशे सत्तेचाळीस,
आणि तिघांनाही तीच खाऊ घातली.

शीटनं आकडे घेतले. शेऱ्याच्या जागी
टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाची चिन्हं:
जुन्या फॉन्टमधलं मराठी
अंगात आल्यासारखं बरळत होतं.
पुण्याच्यानं ते सरळ केलं, अदबीनं,
आणि दोनशे पंचावन्नाव्या अक्षरावर थांबलं.

ओमाण्णांचा शेरा थांबत नव्हता. मापं सोडून तो असा:
डावा कान बदलला. किवि मुरदैति असं बडिगेर म्हणाला, मी पाहिलं, खरंच.
पावसाळ्यात ओतू नये.
मागच्या खेपेला बाळू

(इथं दोनशे पंचावन्न भरतात)

भाजला, उजवा पाय, तीन महिने घरी.
हुबळीवाले न्यायला आले तर लगेच देऊ नये.
आधी चहा द्यावा. हिशेब मग निघतो.

मी खाली प्याटर्न शॉपमध्ये गेले.
कल्लाप्पा बडिगेर रंधा मारत होता.
त्याच्या पट्टीवरचा फूट
आपल्या फुटापेक्षा चिमूटभर लांब असतो, हे मला माहीत नव्हतं.
बीड निवताना आटतं, तो म्हणाला,
नेमकं माप पाहिजे असेल तर लाकूड वाढवून कापायचं.
"तुझं ते कॉम्प्युटरचं पण तसंच की ग.
घट धर."

दुसरं घेतलं. फुकटवालं.
जुनं अक्षर नव्यात पालटायला चार शनिवार गेले,
'ळ' सगळ्यात शेवटी आला.
शेऱ्याला लांबीची अट ठेवली नाही.
त्याच्याखाली कुणी न मागितलेला एक रकाना जोडला,
'आणखी काही'. अजून रिकामा आहे.
आता 'कान' शोधा नाहीतर 'किवि',
अकराशे सत्तेचाळीस सापडतं.

फक्त एक राहिलं. कुणाला काय दिसावं
त्या खिडकीत मी सगळ्यांना सगळं असंच सोडून दिलं.
विसरले म्हणा. बाळूचं नाव झाकायला हवं होतं.

सोमवारी साडेदहाला हुबळीचा फोन.
"दिसलं री, पूर्ण दिसलं," मेणसिनकाई म्हणाले.
मग थोडा वेळ काहीच नाही, नुसता त्यांच्याकडचा हॉर्न.
"त्या पोराचा पाय आता कसा आहे?
आणि गुरुवारी येतोय मी.
चहा ठेवा."